येऊ दे

यंत्र किंचाळायचं थांबेना. नकाशेबुवांनी त्याची थाळी जमिनीपासून वर उचलली, भिंतीपासून लांब धरली, शेवटी अंगणाच्या मधोमध उभं राहून आभाळाकडे केली, तरी तोच एकसुरी आवाज, कानात सुई घालावी तसा.

"अहो, बंद करा ते आधी," बायको आतून म्हणाली. "शेजारी विचारायला येतील, काय कापताय म्हणून."

बुवांनी बटण दाबलं. अंगणात एकदम शांत झालं. पाटावर पाना, कानस, करवतीचं पातं आणि चपटी झालेली ॲल्युमिनियमची नळी पडली होती. काल संध्याकाळपासून ते या दांड्याच्या मागे लागले होते. चेपलेला भाग कापून टाकला, खाली थाळीकडचा फुटलेला प्लॅस्टिकचा दांडा होता त्याच्या आत लोखंडी नळीचा तुकडा ठोकून बसवला, दोन स्क्रू पिळले. सांधा असा पक्का झाला, की त्याला धरून विहिरीत उतरावं. आणि आता यंत्र असं ओरडत होतं. म्हणजे फक्त दांडा मोडलाय असं जे सगळे समजत होते ते खोटं होतं, आतलंही काही गेलं होतं.

नकाशेबुवा हे काही त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात ते एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन होते. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातलं झाकण उघडायचं, चावी आत सोडायची आणि फेरे मोजत पाणी सोडायचं नाहीतर तोडायचं, हे त्यांचं काम. दर दोन-तीन वर्षांनी रस्त्यांवर नवा थर चढायचा आणि झाकणं डांबराखाली गडप व्हायची. पण कुठलं झाकण कुठल्या दुकानाच्या पायरीपासून किती पावलांवर आहे, कुठल्या व्हॉल्व्हला अठरा फेरे लागतात, कुठल्याला बावीस, कुठला उलटा फिरतो, हे सगळं बुवांच्या डोक्यात होतं. आधीचे तीन इंजिनीअर कागदावर नकाशा करून द्या म्हणून मागे लागले. तिघांनाही बुवांनी "मी आहे ना" एवढ्यावर कटवलं. तेव्हापासून खात्यात त्यांना नकाशेबुवा म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा हे नाव त्यांना गोड लागायचं.

मग चौथ्या इंजिनीअर आल्या. वय फार तर तीस. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी नकाशाची भुणभुण लावली नाही, सरळ हे यंत्र मागवलं. डांबराखालचं लोखंड दाखवणारं. "बुवा दोन वर्षांनी निवृत्त होणार," त्या म्हणाल्या, "मग आपण कुणाला विचारायचं?" त्यात चुकीचं काहीच नव्हतं, आणि बुवांना लागलं ते म्हणूनच.

पहिले काही दिवस मजेत गेले. यंत्र जोडून होईपर्यंत बुवा पाय आपटून सांगायचे, "इथं खणा." आणि झाकण तिथंच निघायचं. ड्रायव्हर जीपमधून ओरडायचा, "मॅडम, मशीन परत पाठवा, आमचं मशीन जुनं आहे पण सेल लागत नाहीत त्याला." ड्रायव्हर आणि बुवा बावीस वर्षं एका गाडीत होते. एका डब्यात जेवत होते म्हटलं तरी चालेल, कारण कुणाच्या डब्यात काय आहे हे विचारूनच दोघं कुठला डबा आधी उघडायचा ते ठरवायचे.

आणि मग तो मंगळवार आला. एका बोळात नळ फुटला होता, पाणी घरांत शिरायला लागलं होतं. बुवांनी कोपऱ्यावरच्या झाडापासून सहा पावलं मोजली आणि खणायला लावलं. खाली नुसती माती. अजून खणलं. माती. लोक दारात उभे राहून बघत होते. मॅडमनी यंत्र फिरवलं, आणि ते पाच फुटांवर वाजलं. तिथं झाकण होतं.

कुणी हसलं असतं तर बुवांनी सोसलं असतं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्या खांद्याला हलकेच हात लावून म्हणाल्या, "असू द्या हो बुवा. माणसाच्या लक्षात किती राहणार?"

काम आटोपल्यावर मॅडम बोळाच्या तोंडाशी फोनवर बोलत गेल्या. बुवांनी सामान गोळा केलं, यंत्र जीपच्या मागच्या चाकामागे जमिनीवर आडवं ठेवलं आणि चावी पुसायला वळले. ठेवलं तेव्हा त्यांच्या मनात काही नव्हतं. तेवढं ते नंतरही स्वतःला खात्रीनं सांगू शकत होते. मग ड्रायव्हरनं गाडी चालू केली. बोळातून गाडी मागे घ्यायची म्हणजे त्यांची रीत ठरलेली होती. ड्रायव्हर खिडकीतून विचारायचा, बुवा मागे बघून पत्र्यावर थाप मारायचे.

"येऊ दे का रे?"

बुवांनी वळून बघितलं. काळा दांडा, गोल थाळी, वरचं पिवळं खोकं, सगळं चाकापासून वीतभर. खाली वाकून उचलायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ होता. त्यांनी पत्र्यावर थाप मारली.

"येऊ दे."

सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला.

मॅडम धावत आल्या. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं चाकाखाली बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "आरशात दिसलंच नाही मला," एवढंच तो म्हणाला. पुढे ऑफिसात चौकशी झाली तेव्हा बुवा म्हणाले, "मी खड्ड्यापाशी होतो." ड्रायव्हरला मेमो मिळाला. नवा दांडा यायला तीन महिने लागतील असं कंपनीनं कळवलं. तीन आठवडे यंत्र ऑफिसच्या कपाटावर मोडक्या छत्रीसारखं पडून होतं आणि बुवांना जाता येता ते दिसत होतं. शेवटी काल शनिवारी ते मॅडमना म्हणाले, "द्या इकडे, घरी बघतो काय होतंय ते."

मॅडमना फार बरं वाटलं. "बुवा, तुमचा जीव जडला म्हणायचा मशीनवर," त्या म्हणाल्या.

आता ते पाटावर ठेवून बुवा त्याच्याकडे बघत बसले होते, तोच फाटक वाजलं. ड्रायव्हर होता, घामानं भिजलेला.

"चालत आलात?" बायकोनं दारातून विचारलं. "स्कूटर बिघडली का भावोजी?"

"नाही वहिनी, सहज. पाय मोकळे होतात." तो पायरीवर बसला आणि त्याची नजर यंत्रावर गेली. "अरे, हे काय. तू घरी घेऊन बसलास होय?"

"बघतोय," बुवा म्हणाले.

"मोडलं माझ्या हातून, रविवार तुझा गेला." ड्रायव्हरनं दांडा उचलला, सांध्यावरून बोट फिरवलं. "झकास केलंयस की."

"झकास कसलं. चालू कर म्हणजे कळेल. नुसतं बोंबलतंय. आतून गेलेलं दिसतंय."

ड्रायव्हरनं बटण दाबलं, तोंड वाकडं केलं, लगेच बंद केलं. मग थाळीपासून वर वर सांधा कुठे आहे ते बघितलं. "आत काय घातलंस?"

"लोखंडी नळी."

ड्रायव्हर हसला. तीन आठवड्यांत बुवा त्याला पहिल्यांदा हसताना बघत होते. "शहाणा आहेस. लोखंड हुडकायचं मशीन, आणि त्याच्या नाकापाशीच लोखंड बांधलंस. ते बिचारं आपलं काम चोख करतंय. काढ ते. लाकूड घाल."

बुवांच्या छातीवरचा एक दगड उतरला, आणि उतरता उतरता दुसरा त्याच जागी येऊन बसला. चूक दाखवली ती यानं. लाज वाटावी इतक्या मोकळ्या मनानं दाखवली.

दोघं कामाला लागले. स्क्रू काढले, नळी ठोकून बाहेर काढली. बायकोनं जुन्या झाडूचा लाकडी दांडा आणून दिला. बुवांनी त्याचा वीतभर तुकडा कापला, ड्रायव्हर काचकागदावर घासून घासून तो बारीक करत राहिला. मधे मधे तो तुकडा डोळ्यांसमोर धरायचा, लांब न्यायचा, जवळ आणायचा.

"नीट दिसतंय का ते बघतोय," तो बुवांच्या नजरेला उत्तर दिल्यासारखं म्हणाला.

"डॉक्टरकडे गेला होतास ना?"

"दोनदा. म्हणतात नंबर तोच आहे, डोळे ठीक आहेत. आता त्यांनी तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली, ती वाचली मी. पण चाकाखाली एवढं मोठं मशीन आलेलं मला दिसलं नाही, त्याचं काय? आमच्या बापाचं असंच सुरू झालं होतं. पंचावन्नला दिसेनासं झालं. मला चोपन्न चालू आहे." त्यानं लाकडावरची भुकटी फुंकली. "नातीला शाळेत सोडतो ना रोज, आता चालतच नेतो. स्कूटरवर पुढे उभी राहते ती, मला धीर होत नाही. ती विचारते, आजोबा स्कूटर का नाही. सांगतो, स्कूटरला सर्दी झालीय."

बुवा डिंकाच्या दोन ट्यूबा पुठ्ठ्यावर पिळून काडीनं कालवत होते. पांढरा आणि पिवळा एकमेकांत मिसळेपर्यंत कालवायचं असतं. ते कधीचं मिसळलं होतं, तरी बुवा काडी फिरवतच होते.

लाकूड डिंकात भिजवून दांड्याच्या दोन्ही तुकड्यांत बसवलं. बायकोनं शिलाईचा जाड दोरा दिला. ड्रायव्हरनं सांधा दोन्ही हातांनी दाबून धरला आणि बुवांनी वरून दोरा गुंडाळला, वेढ्याला वेढा लावून, मग त्यावर पुन्हा डिंक.

"आता दहा मिनिटं असंच धरायचं," बुवा म्हणाले. "हललं की गेलं."

"धरतो. माझ्या खिशातला कागद काढ तेवढा. वरच्या. वाचून बघ, तुझं शुद्धलेखन चांगलं. उद्या मॅडमना द्यायचाय."

बुवांनी कागद उलगडला. ड्रायव्हरचं अक्षर मोठं, गोल. अर्ज होता. माझी नजर पूर्वीसारखी राहिलेली नाही, माझ्या हातून खात्याच्या यंत्राचं नुकसान झालं, उद्या एखादं माणूस चाकाखाली येण्याआधी मला गाडीवरून उतरवून पंपहाउसला पहारेकऱ्याचं काम द्यावं, ही नम्र विनंती. खाली सही. सहीच्या वर "आपला आज्ञाधारक" लिहून खोडलं होतं आणि पुन्हा लिहिलं होतं.

"एक विचारू?" ड्रायव्हर सांध्याकडे बघत म्हणाला. "मॅडमनी मला विचारलं होतं, मागे कोण उभं होतं म्हणून. मी सांगितलं कुणी नव्हतं. तू येऊ दे म्हणालास ते मी काढलंच नाही. तुझं लक्ष नसेल, होतं असं. दोघांना मेमो कशाला? पण तुझ्या मनात राहिलं असेल, म्हणून बोललो. ठेवू नकोस मनात."

इतके दिवस बुवांना वाटत होतं, हा विसरला. विसरला म्हणून आपण सुटलो. तीन आठवडे ते त्या विसरण्याच्या आडोशाला बसले होते, आणि आडोसा म्हणून उभा होता तो हा माणूस.

त्यांनी कागद पाटावर ठेवला. "हा अर्ज देऊ नकोस."

"का? फार चुका आहेत?"

"तुझे डोळे चांगले आहेत."

"तू डॉक्टर कधीपासून झालास?"

"मी बघितलं होतं," बुवा म्हणाले. "मशीन चाकामागे आहे हे मला दिसलं होतं. तू विचारलंस, मी वळून बघितलं. बघितलं आणि मग येऊ दे म्हणालो."

ड्रायव्हरनं मान वर केली नाही. त्याची बोटं सांध्यावर होती तशीच होती, फक्त नखं पांढरी झाली.

"आरशात ते दिसणारच नव्हतं," बुवा बोलत राहिले, थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही अशा घाईनं. "जमिनीवर आडवं होतं. कुणालाच दिसलं नसतं. तुझ्या बापासारखं काही नाही. तुला काही झालेलं नाही."

"का पण?" ड्रायव्हरनं विचारलं. रागानं नाही. रस्ता चुकलेला माणूस विचारतो तसं.

"माझं झाकण चुकलं होतं ना त्या दिवशी."

"किती फुटांनी चुकलं होतं?"

"पाच."

दारात बायको चहाचे कप घेऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. कप खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. बुवांना वाटलं, हा आता दांडा फेकून देईल, आपल्या अंगावर फेकला तर फार बरं होईल.

त्यानं फेकला नाही. "किती झाली मिनिटं?" तो म्हणाला.

बुवांनी घड्याळ बघितलं. "चार."

राहिलेली सहा मिनिटं तो तसाच बसून होता, दोन्ही हातांनी सांधा धरून, जरासुद्धा न हलता. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत अडकला, तोही त्यानं पुसला नाही. दहा मिनिटं झाल्यावर त्यानं एक एक बोट सोडवलं, दांडा पाटावर हळूच ठेवला, थाळी कशाला टेकत नाही ना ते बघितलं. अर्ज उचलून आहे त्याच घड्यांवर दुमडला आणि खिशात घातला.

"तीन आठवडे," तो म्हणाला. "रोज सकाळी उठलो की आधी छताच्या पंख्याची पाती मोजायचो मी. दिसतायत का म्हणून."

"भावोजी, चहा," बायको म्हणाली.

"नको वहिनी. निघतो." फाटकापाशी जाऊन त्यानं कडी नीट लावली.

बायको कप घेऊन आत गेली. बऱ्याच वेळानं पुन्हा बाहेर आली तेव्हा बुवा त्याच जागी होते.

"उद्या मॅडमना सांगणार ना?"

"हो."

ती अजून काही बोलेल असं बुवांना वाटलं. ती वाकली, सांध्यावरून लोंबणारं दोऱ्याचं टोक तिनं दातांनी तोडलं आणि आत गेली.

सोमवारी बुवांनी लेखी दिलं. आठ ओळी होत्या. मॅडमनी त्या दोनदा वाचल्या.

"बुवा, लक्ष नव्हतं असं लिहिलं असतं तरी चाललं असतं."

"लक्ष होतं, मॅडम."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "मला हे वर पाठवावं लागेल."

"पाठवा."

ड्रायव्हरचा मेमो मागे घेतला गेला. बुवांच्या सेवापुस्तकात एकतीस वर्षांत पहिल्यांदा लाल शेरा आला. त्यांना रस्त्यावरून उठवून ऑफिसात बसवलं, निवृत्तीपर्यंत. चावी दुसऱ्या व्हॉल्व्हमनच्या खांद्यावर गेली. बुवांसमोर शहराचा मोठा कागद पसरलेला असायचा आणि आठवेल तसं एक एक झाकण ते त्यावर टिंबानं दाखवायचे. टिंबाशेजारी पावलं, खोली, फेरे. मॅडम कधी कधी शेजारी खुर्ची ओढून बसायच्या आणि विचारायच्या. पूर्वी ज्याच्यावर त्यांचा रुबाब चालायचा ते सगळं आता कुणालाही वाचता येईल अशा अक्षरात खाली उतरत होतं. बुवा काही लपवत नव्हते. ते पाच फुटांवरचं झाकणही त्यांनी त्याच्या खऱ्या जागी दाखवलं.

दुपारी ते टेबलावरच डबा उघडायचे. ड्रायव्हर गाडीत जेवायचा. एकदा सकाळी ऑफिसला येताना शाळेच्या रस्त्यावर स्कूटर त्यांच्या बाजूनं गेली. पुढे नात उभी होती, दोन्ही हातांनी आरशाच्या काड्या धरून. ड्रायव्हरचं लक्ष समोर होतं.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी शहराच्या पार टोकाची जुनी लाइन फुटली. तिथलं झाकण बुवांनी वीस वर्षांत एकदाच उघडलं होतं. त्यांनी बराच विचार करून कागदावर टिंब दिलं आणि शेजारी लिहिलं, नक्की नाही, मशीननं बघा. गाडी गेली. दुपारपर्यंत बुवांचं टेबलावर मन लागेना.

तीनच्या सुमाराला ड्रायव्हर आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल. तो मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिला, बुवांचं टेबल त्याला लागूनच होतं.

"पाणी बंद झालं, मॅडम."

"झाकण कुठे सापडलं?"

"यांनी दाखवलं होतं तिथंच. हातभर इकडे तिकडे."

"आणि मशीन? दांडा डगमगतोय का?"

"नाही," ड्रायव्हर म्हणाला. "यांनी चांगला बसवलाय."

त्यानं गाडीची वही टेबलावर ठेवली, सही केली आणि हात धुवायला बाहेर गेला. नळ सुटल्याचा आवाज आला. मॅडमनी पेन्सिल पुढे केली.

"बुवा, आता पुढचं सांगा."

बुवांनी पेन्सिल घेतली. नकाशावर बोट ठेवलं, पण कुठला रस्ता आहे ते त्यांना थोडा वेळ वाचता येईना.